शेकाट्या आला, मॉस उगवलं, म्हणजे निसर्ग सुधारला का?

नदीसुधारणेची चर्चा सुरू झाली की एक छायाचित्र हमखास फिरू लागतं. करड्या पाण्यात गुलाबी पायांवर उभे असलेले शे-दीडशे पक्षी, आणि खाली ओळ : नदीत पुन्हा जीव आला. पावसाळ्यात असंच दुसरं छायाचित्र येतं. उन्हाळ्यात वणव्याने काळी पडलेली जमीन, तिच्यावर बोटभरही उंच नसलेली पोपटी हिरवळ, आणि खाली : निसर्गाने जखम भरून काढली.

पहिल्या छायाचित्रातला पक्षी बहुधा शेकाट्या असतो. दुसऱ्यातली हिरवळ बऱ्याचदा फ्युनारिया नावाच्या मॉसची, म्हणजे बारीक पानांच्या एका इवल्याशा वनस्पतीची असते. दोन्ही छायाचित्रं खरी असतात, पण त्यांखालच्या ओळी घाईने काढलेले निष्कर्ष असतात. बिघडलेल्या जागी तग धरण्यात हे दोन्ही जीव वाकबगार आहेत. हे त्यांना कसं जमतं, ते दोघांना शेजारी ठेवून पाहिलं की नीट कळतं.

## दोघांची ओळख

शेकाट्या, शास्त्रीय नाव हिमांटोपस हिमांटोपस. चोचीपासून शेपटीपर्यंत ३५ ते ४० सेंमी, वजन दीडशे ते दोनशे ग्रॅम. अंग पांढरं, पंख काळे, चोच सुईसारखी सरळ आणि ६-७ सेंमी लांब. शरीराच्या मानाने इतके लांब पाय रोहित पक्षी (फ्लेमिंगो) सोडला तर क्वचितच कुणाचे असतील. पायाच्या मध्यावर उलटा दुमडणारा सांधा दिसतो, त्याला आपण गुडघा समजतो. तो असतो घोटा. खरा गुडघा वर, पोटाच्या पिसांत लपलेला असतो. पायाला पुढे तीन बोटं असतात, मागचं बोट नसतंच. त्यामुळे फांदी पकडून बसणं या पक्ष्याला जमत नाही. त्याचं सगळं आयुष्य चिखल, वाळू आणि उथळ पाणी यांतच जातं.

फ्युनारिया हायग्रोमेट्रिका हे मॉस शालेय विज्ञानाच्या पुस्तकात ब्रायोफायटा विभागाचं उदाहरण म्हणून भेटतं. पावसाळ्यात भिंतीवर वाढणाऱ्या सगळ्याच हिरव्या थराला आपण शेवाळ म्हणतो. पण निसरडा, बुळबुळीत थर वेगळा आणि बारीक पानं असलेलं मॉस वेगळं. फ्युनारियाचं रोप एक ते तीन सेंमी उंच असतं. पानाचा बहुतेक भाग पेशींच्या एकाच थराचा, मध्यशीर तेवढी जाड. मुळं नसतात. मातीला धरून ठेवणारे केसासारखे तंतू असतात, त्यांना मूलाभ म्हणतात. रोपाच्या टोकावर पुढे काही सेंमी लांबीचा बारीक देठ येतो, आणि त्याच्या शेंड्याला एका बाजूला झुकलेली नासपतीच्या आकाराची कुपी. कुपीत बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे एका पेशीचं, वाऱ्यावर उडण्याजोगं प्रजननाचं साधन. फ्युनारियाचे बीजाणू इतके बारीक असतात की एका मिलिमीटरमध्ये ओळीने साठ ते ऐंशी मावतील.

## पक्षी आणि मॉस यांची तुलना होतेच कशी?

हा आक्षेप रास्त आहे. प्राणी आणि वनस्पती यांचा समाईक पूर्वज शंभर कोटी वर्षांहून मागे आहे. पंखाची पानाशी तुलना करून काहीच हाती लागणार नाही. प्रगत कोण, हा प्रश्नही निरुपयोगी आहे. दोघंही आज जिवंत आहेत आणि जगाच्या मोठ्या भागावर पसरलेले आहेत.

तुलना अवयवांची न करता अडचणींची केली तर ती उपयोगी ठरते. पाणी कुठून मिळवायचं आणि कसं राखायचं? पुढची पिढी कशी घडवायची? नवी जागा मोकळी झाली तर तिथे आधी कसं पोहोचायचं? हे प्रश्न शेकाट्यालाही आहेत आणि फ्युनारियालाही. उत्तरं अगदी निराळी आहेत, आणि तरी ती दोघांना एकाच तऱ्हेच्या जागी आणून सोडतात.

## पाण्याचा हिशेब

शेकाट्या पाण्यात उभा असला तरी त्याच्या शरीरातलं पाणी बाहेरच्या पाण्यापासून वेगळं राखलेलं असतं. त्वचा, पिसं आणि मूत्रपिंडं हे काम करतात. नको असलेलं नायट्रोजन तो पांढऱ्या, घट्टसर युरिक आम्लाच्या रूपात टाकतो, त्यात पाणी फार कमी खर्च होतं. अंड्यातही गर्भाला लागणारं पाणी कवचाच्या आत आधीच भरलेलं असतं.

फ्युनारियाकडे यातलं जवळपास काहीच नाही. मुळं नाहीत, पाणी वर चढवणाऱ्या खऱ्या नलिका नाहीत, आणि पानांवर पाणी अडवणारा मेणाचा जाड थरही नाही. पाऊस पडला की पानं थेट पाणी पितात, हवा कोरडी झाली की तितक्याच वेगाने सुकतात. पापड दमट हवेत सादळतो आणि उन्हात पुन्हा कडक होतो, तसं मॉसचं पाणी हवेच्या पाण्याबरोबर वरखाली होत राहतं. फरक एवढाच की मॉस सुकलं तरी जिवंत राहू शकतं. त्यालाही मर्यादा आहे. बीजाणूतून नुकत्याच फुटलेल्या कोवळ्या तंतूंना सावकाश सुकवलं तर ते पुन्हा पाणी मिळताच जगतात, झपाट्याने सुकवलं तर मरतात. सावकाश सुकताना पेशींना अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढवायला आणि बचावाची तयारी करायला वेळ मिळतो. पावसाने चार दिवस उघडीप दिली आणि कडक ऊन पडलं, तर मोकळ्या कातळावरचे कोवळे तंतू जातात आणि शेजारच्या सावलीतल्या खाचेतले टिकतात, ते यामुळे.

शेकाट्यालाही उन्हाची झळ बसते, पण त्याचा उपाय हालचालीचा आहे. त्याची वीण आपल्याकडे साधारण एप्रिल ते ऑगस्टमध्ये होते. घरटं म्हणजे पाण्याकाठच्या उघड्या जमिनीवर खडे, काड्या आणि वाळकी पानं यांची बैठक. भर उन्हात अंडी शिजू नयेत म्हणून पक्षी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो. त्यामुळे घरट्यापासून पाणी फार लांब गेलं तरी घात, आणि फार जवळ आलं तरी घात. पाणी सावकाश चढलं तर हे पक्षी खाली काड्या सरकवून घरटं उंच करतात. वरच्या धरणातून अचानक आवर्तन सोडलं तर मात्र ती वेळच मिळत नाही आणि चारही अंडी वाहून जातात.

## गुणसूत्रांचा एक संच आणि दोन संच

इथे दोघांमधला सगळ्यात खोल फरक आहे, म्हणून थोडं थांबून पाहू.

गुणसूत्र म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक सूचनांचा धागा. शेकाट्याच्या जवळजवळ सगळ्या पेशींमध्ये या धाग्यांचे दोन संच असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एकच संच असलेल्या पेशी म्हणजे फक्त अंडपेशी आणि शुक्रपेशी. त्या स्वतंत्रपणे वाढत नाहीत.

मॉसमध्ये हे उलटं आहे. आपल्याला दिसणारं हिरवं, पानं असलेलं रोप एकाच संचाचं असतं. त्यावर उगवलेला देठ आणि कुपी दोन संचांची. म्हणजे एकाच टोकावर दोन पिढ्या : खाली हिरवी पिढी, आणि अन्नपाण्यासाठी तिच्यावर अवलंबून असलेली पुढची पिढी वर. कोवळ्या देठाच्या टोकावर आईच्या रोपाचीच एक टोपी असते. या टोपीवर पाणी अडवणारा थर पानांपेक्षा जाड असतो. टोपी अकाली निघाली आणि हवा कोरडी असली तर कुपी नीट वाढत नाही.

याचा परिणाम पाहा. दोन संच असले की एका संचातला दोष दुसऱ्याने झाकला जाऊ शकतो. हिरव्या मॉसमध्ये झाकायला दुसरा संचच नाही, म्हणून घातक दोष असलेलं रोप तिथेच संपतं. शिवाय फ्युनारियात नर आणि मादी फांद्या एकाच रोपावर येतात. नर फांदीतून सुटलेल्या शुक्रपेशींना दोन शेपट्या असतात. पावसाच्या थेंबाने त्या उडतात, पानांवरच्या पाण्याच्या पातळ थरातून पोहतात आणि मादी फांदीवरच्या अंडपेशीपर्यंत पोहोचतात. एखादा मिलिमीटर पाणीही पुरतं, पण ते अखंड हवं. म्हणजे एका बीजाणूतून उगवलेलं एकटं रोपही पुढची पिढी तयार करू शकतं. शेकाट्याला मात्र जोडीदार हवा, २२ ते २६ दिवस आळीपाळीने अंडी उबवायला हवीत, आणि नंतर महिनाभर पिल्लं उडेपर्यंत राखण करायला हवी.

## मोकळ्या जागी आधी कोण पोहोचतं?

शेकाट्या उडून येतो. डबकं आटलं तर दुसरं शोधतो आणि पाणी मिळालं की काही दिवसांत हजर होतो.

मॉसचा प्रवास कुपीच्या तोंडापासून सुरू होतो. झाकण गळल्यावर तिथे दातांची दोन कडी दिसतात, प्रत्येकात सोळा दात. बाहेरचे दात हवेतल्या ओलाव्याप्रमाणे वाकतात आणि बीजाणू थोडे थोडे मोकळे करतात. देठही ओलावा बदलला की पिळतो आणि सुटतो. वाळलेली पक्व कुपी देठासकट हातात धरून तिच्यावर तोंडाची वाफ सोडली तर हा पीळ डोळ्यांना दिसतो.

बीजाणू मुख्यतः वारा नेतो, पण पक्षीही मॉस नेऊ शकतात. उत्तर ध्रुवाजवळ वीण करून दक्षिण गोलार्धात जाणाऱ्या अमेरिकी सोनेरी चिखल्यासारख्या पाणथळीच्या पक्ष्यांच्या पिसांत मॉसचे सूक्ष्म तुकडे अडकलेले सापडल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालं. मॉसच्या एवढ्याशा तुकड्यातूनही नवं रोप उगवू शकतं. तुकडा पिसात सापडणं आणि तो हजारो किलोमीटरवर रुजणं यात अंतर आहे, पण दोन्ही ध्रुवांकडे सारखीच मॉस आणि मधल्या उष्ण पट्ट्यात काहीच नाही, या जुन्या कोड्याला त्यातून एक धागा मिळाला.

## मैलापाण्यात शेकाट्याला काय मिळतं?

आता पहिल्या छायाचित्राकडे येऊ. पुण्यात मुळा-मुठेच्या पात्रात हिवाळ्यात शेकाट्यांचे मोठे थवे दिसतात. शहरांमधून वाहणाऱ्या इतर नद्यांतही हेच चित्र आहे.

शहराचं सांडपाणी नदीत येतं तेव्हा त्यात विष्ठा, अन्नाचे कण आणि साबण असतो. जिवाणू हे सगळं कुजवतात आणि कुजवताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. ठरावीक पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल, त्या मापाला बीओडी म्हणतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे अंघोळीयोग्य नदीत बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, आणि विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त हवा. मैलापाणी मिसळलं की पहिला आकडा चढतो आणि दुसरा उतरतो.

प्राणवायू उतरला की बहुतेक मासे जातात. स्वच्छ, वाहत्या पाण्यात दगडाखाली राहणाऱ्या कीटकांच्या अळ्याही जातात. उरतात ते कमी प्राणवायूत जगणारे जीव, म्हणजे न चावणाऱ्या चिलटांच्या लाल अळ्या आणि गाळातले बारीक लाल कृमी. त्यांचा रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तात असतं त्याच प्रकारच्या द्रव्याचा. त्याच्या आधारे ते तुटपुंजा प्राणवायूही पकडतात. खाणारे मासे नाहीत, स्पर्धा नाही आणि अन्न म्हणून गाळ भरपूर, मग त्यांची संख्या बेसुमार वाढते.

बंधाऱ्यामागे प्रवाह मंदावतो आणि गाळ बसून पाणी उथळ होतं. शेकाट्याला पाय बुडतील एवढं पाणी, चोचीच्या टप्प्यात असलेला मऊ गाळ आणि त्यात ठासून भरलेल्या अळ्या मिळतात. तो हवेतला प्राणवायू घेतो, त्यामुळे पाण्यातला प्राणवायू संपल्याने त्याचं थेट काही अडत नाही. नदीच्या आजारातून तयार झालेलं अन्न त्याला मिळतं आहे, एवढाच त्या थव्याचा अर्थ.

## पण पक्षी येतात हे चांगलंच ना?

शेकाट्या दिसला म्हणजे पाणी घाण, असंही समजू नये. तो मिठागरांत, स्वच्छ तलावांच्या काठी, भाताच्या खाचरांत आणि उजनीसारख्या जलाशयांच्या उथळ कडेलाही राहतो. त्याच्या असण्यातून पाणी उथळ आहे आणि किडे भरपूर आहेत एवढंच कळतं. पाणी कसं आहे ते कळत नाही.

त्याच्यासोबत कोण आहे आणि कोण नाहीसं झालं आहे, हे पाहिलं की चित्र उलगडतं. मासे खाणारा नदी सुरय, वाळूच्या बेटांवर वीण करणारा छोटा आर्ली, पाण्यावर घिरट्या घालणाऱ्या चतुरांच्या निरनिराळ्या जाती हे सगळे हटले आणि शेकाटे मात्र दुप्पट झाले, तर नदी बिघडते आहे.

आणि शेकाट्यासाठीही हे अन्न धोक्याविना नाही. साठलेल्या, प्राणवायू संपलेल्या पाण्यात कुजकट पदार्थ वाढले आणि उष्णता मिळाली की एक जिवाणू बॉट्युलिझमचं विष तयार करतो. मेलेल्या पक्ष्यांवर अळ्या होतात, त्यांत हे विष साठतं, त्या अळ्या खाऊन आणखी पक्षी मरतात. आधी पंख, मग पाय, मग मान लुळी पडते. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये राजस्थानातल्या सांभर सरोवरात याच रोगाने हजारो पक्षी मेले, त्यांत शेकाटेही होते. अशा वेळी पहिलं काम मेलेले पक्षी ताबडतोब उचलून पुरणं किंवा जाळणं हे असतं, नाहीतर ही साखळी तुटत नाही. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये. वनविभागाला किंवा पशुसंवर्धन विभागाला कळवावं.

## राखेवर मॉस कसं येतं?

फ्युनारिया जगभर शेकोटीच्या जागी, वणव्यानंतर, रोपवाटिकेतल्या कुंड्यांत आणि खणलेल्या जमिनीवर उगवतं. आग लागते तेव्हा गवत आणि झुडपं जातात, म्हणजे सावली धरणारे स्पर्धक जातात. राखेतून पोटॅश, कॅल्शियम आणि स्फुरद मोकळं होतं, मातीचा आम्लपणा कमी होतो. पहिल्या पावसात वाऱ्यावरचे बीजाणू तिथे रुजतात, आधी हिरव्या तंतूंचं जाळं पसरवतात आणि मग त्यावर पानांची रोपं उभी राहतात.

हे मॉस उपयोगी आहे. उघडी माती ते काही प्रमाणात धरून ठेवतं. पण राखेतली पोषणद्रव्यं वाहून गेली आणि गवत परतलं की साधारण दोन-चार वर्षांत ते मागे हटतं. म्हणून जळालेल्या उतारावर फ्युनारिया दिसलं तर त्याचा अर्थ इथे अलीकडे मोडतोड झाली आहे असा घ्यावा. दर पावसाळ्यात तिथे तेच मॉस दिसत असेल तर वणवा दरवर्षी लागतो आहे का, हे विचारायला हवं. घाटमाथ्यावरच्या जुन्या झाडांच्या खोडांवर जी मॉस असतात त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना वर्षानुवर्षांची सावली आणि दमट, स्वच्छ हवा लागते. ती गेली तर फ्युनारियाने भरपाई होत नाही, आणि यादीत मात्र दोन्हींपुढे सारखंच 'मॉस' लिहिलेलं असतं.

## मॉस शिसं शोषतं म्हणे, मग ते प्रदूषणावर औषध आहे का?

२०१७ च्या अखेरीस जपानमधल्या रिकेन संस्थेच्या संशोधकांनी फ्युनारियाचे कोवळे तंतू शिशाच्या द्रावणात ठेवून पाहिले. तंतूंनी स्वतःच्या कोरड्या वजनाच्या ७४ टक्क्यांपर्यंत शिसं धरलं, आणि त्यातलं बरंचसं पेशीभित्तिकेत, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या आवरणात अडकलं. आतलं नाजूक काम त्यामुळे वाचतं. कारखान्याच्या पाण्यातून शिसं गाळण्यासाठी याचा उपयोग होऊ शकतो.

पण तो प्रयोग टाकीत वाढवलेल्या तंतूंवर होता. रस्त्याकडेच्या मॉसमध्ये अडकलेलं शिसं नाहीसं होत नाही. मॉस कुजलं की ते मातीत परत येतं. ते काढायचं तर मॉस खरवडून घातक कचऱ्यासारखी विल्हेवाट लावावी लागते. शिशाच्या जागी मॉस हिरवंगार दिसतं, यात कौतुक मॉसच्या सोशिकपणाचं. जमीन निर्धोक झाल्याचा तो पुरावा मात्र होत नाही.

## मग पाहायचं आणि लिहायचं काय?

पक्ष्यांसाठी एक ठिकाण ठरवावं आणि दर महिन्याला एकाच वेळी, शक्यतो सकाळी, तिथेच उभं राहून मोजावं. ८ × ४२ ची दुर्बीण पुरते. फक्त शेकाट्यांचा आकडा लिहू नये. दिसलेली प्रत्येक जात, पाण्याचा अंदाजे रंग आणि वास, फेस आहे का, पक्षी खातायत की नुसते उभे आहेत, आणि मेलेले मासे किंवा पक्षी आहेत का, हेही लिहावं. हिवाळ्यात बाहेरून आलेले पक्षी मिसळतात, म्हणून जानेवारीचा आकडा मे महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहू नये. जानेवारीतल्या मोजणीला देशभरची जोड हवी असेल तर आशियाई पाणपक्षी गणना दरवर्षी त्याच महिन्यात होते. भारतात ती १९८७ पासून सुरू आहे.

मॉससाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि पाण्याची छोटी बाटली घ्यावी. सुकलेल्या मॉसवर दोन थेंब टाकून पाच मिनिटं थांबलं की पानं उघडतात आणि मग ओळख पटते. एक फूट लांबी-रुंदीचा चौकोन आखून त्यात मॉसने किती भाग व्यापला आहे ते दर पावसाळ्यात त्याच जागी नोंदवावं, सोबत जागा कधी जळाली, खणली किंवा तुडवली गेली तेही. मॉस उपटू नये. ओळख पटवायला देठासकट एक कुपी पुरते.

आणि नदीविषयी बोलायचं असेल तर आपल्या नोंदीशेजारी बीओडी आणि विरघळलेल्या प्राणवायूचे आकडे ठेवावेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांवरच्या ठरावीक केंद्रांवर पाण्याचे नमुने तपासतं आणि ते आकडे लोकांसाठी प्रसिद्ध करतं. आपल्या पुलाच्या सगळ्यात जवळचं केंद्र कोणतं, आणि ते मैलापाण्याचा नाला मिळण्याच्या वर आहे की खाली, हे आधी पाहून घ्यावं. नाल्याच्या वरच्या केंद्राचा आकडा चांगला आला म्हणून खालची नदी चांगली ठरत नाही.